गाडी कुठे बंद पडायची, ते आधी सांगा

जुन्या मोटारींचे शौकीन एकत्र जमले की निम्मा वेळ आठवणींत रमतात आणि उरलेल्या वेळात दुरुस्तीचे बोलतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. पुण्यातील अशा मंडळींच्या सहवासात काही वर्षे काढल्यानंतर मला ही वाटणी मान्य होत नाही. कोणी आपल्या वडिलांच्या फियाटची हकीकत सांगत असतो, तेव्हा ती गाडी कोणत्या घाटात, कोणत्या महिन्यात, किती माणसे बसलेली असताना आणि कसा आवाज करून थांबली, हे सारे त्या हकिकतीत आलेले असते. चांगला मेस्त्री नेमके हेच विचारतो. जुन्या गाडीची नीट सांगितलेली आठवण हा तिच्या दुरुस्तीचा कागदच असतो आणि तो तसा वाचला गेला पाहिजे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

आमची मंडळी रविवारी सकाळी कर्वेनगरमधील एका बंगल्याच्या आवारात जमतात. पिंपरीच्या कारखान्यात अॅप्रेंटिस म्हणून लागून तिथेच निवृत्त झालेले एक फिटर काका, औंधच्या आयटीआयमधून शिकून पुढे स्वतःचे गॅरेज काढलेले एक मेस्त्री, घरची जुनी गाडी विकायची नाही असे ठरवलेले एक डॉक्टर आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करणारी काही तरुण मुले, असा हा मेळ आहे. अँबॅसॅडर आणि स्टँडर्ड हेराल्डही अधूनमधून येतात. पहिली मारुती ८०० आता जुन्या गाड्यांत मोजली जाते हे ऐकून मोठ्यांना नवल वाटते, पण ती गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, तेव्हा हिशेब बरोबरच आहे. तरीही आमच्यात बहुमत फियाटवाल्यांचेच आहे, आणि मी स्वतः त्यांच्यातलाच असल्याने पुढचे बहुतेक विवेचन फियाटविषयी आहे.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. पुढची दारे मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडणारी ती गोलमटोल गाडी आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेली, आणि तिचे मालक आजही हे नाव कौतुकानेच घेतात. नंतर एलिगंट आणि सुपर सिलेक्ट आल्या, १९६४ मध्ये डिलाइट आली, आणि तोच साचा पुढे प्रेसिडेंट व १९७४ पासून पद्मिनी या नावाने चालत राहिला. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सोलेक्सचा कार्ब्युरेटर, स्टिअरिंगच्या नळीवरचा चार गिअरचा दांडा आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, अशी ही मांडणी दीर्घकाळ जवळपास तशीच राहिली. याचा मोठा फायदा असा की १९६६ च्या डिलाइटवाल्याने सांगितलेला अनुभव १९८८ च्या पद्मिनीवाल्याला थेट उपयोगी पडतो. दोन पिढ्यांना एकाच इंजिनाविषयी बोलता येते, असे आताच्या गाड्यांबाबत घडणे अवघड आहे.

या गाड्यांचे ज्ञान टिकून राहण्यामागे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा वाटा फार मोठा होता. हजारो टॅक्स्या रोज धावत होत्या, तोपर्यंत क्लचप्लेट, व्हील सिलिंडरचे रबर किट, वॉटर पंप यांना गिऱ्हाईक होते आणि म्हणून ते कोणीतरी बनवत होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून भावपूर्ण मजकूर पुष्कळ आला आणि तो योग्यच होता, परंतु आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ अगदी व्यावहारिक होता. ज्या हातांनी रोज हे इंजिन उघडले होते, ते हात आता दुसऱ्या कामाला लागणार, आणि त्यांना जे ठाऊक आहे ते कोणी लिहून ठेवलेले नाही. आपसांत माहिती सांगत राहण्याची निकड तेव्हापासून अधिकच जाणवू लागली.

आठवणीतून निदान कसे होते, याचा एक प्रसंग सविस्तर सांगतो. आमच्या डॉक्टरांची पद्मिनी उन्हाळ्यात दगा देत असे. पेट्रोल पंप बदलला, ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल बदलली, तरी तक्रार कायम होती. त्यांनी बॉनेट उघडून मेस्त्रींना बोलावले, तेव्हा मेस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. “डॉक्टर, गाडी कुठे बंद पडायची, ते आधी सांगा. चालता चालता बंद पडायची, की उभी केल्यावर सुरू व्हायची नाही?” डॉक्टरांना ते नक्की सांगता येईना. सोबत त्यांच्या आई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, यांचे वडील होते तेव्हापासूनची ही खोड आहे तिची. खंबाटकी चढून जायची बिचारी विनातक्रार. माथ्यावर चहाला थांबलो की मग मात्र हलायची नाही. आमचे हे पंपावर ओला पंचा टाकायचे आणि आम्ही आणखी एक चहा घ्यायचो.”

मेस्त्रींना हवे होते ते एवढ्यात मिळाले. घाट चढताना इंजिन तापलेले असते, पण पंखा फिरत असतो, रेडिएटरमधून पाणी खेळत असते आणि टाकीतून तुलनेने थंड पेट्रोल सतत येत असते. इंजिन बंद केले की हे तिन्ही थांबते, आणि ब्लॉकमध्ये साठलेली उष्णता पुढची काही मिनिटे बॉनेटखालीच कोंडून राहते. यांत्रिक पेट्रोल पंप ब्लॉकलाच बोल्टने बसवलेला असल्याने तो तापतो, त्यातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ढकलण्यासाठी बनवलेल्या पंपाला ती वाफ ढकलता येत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. कॉइल किंवा कंडेन्सर तापून दगा देत असेल, तर गाडी बहुधा चालता चालता गचके खात थांबते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होते. वरवर पाहता दोन्हींत गाडी गरम झाल्यावर थांबते आणि निवल्यावर चालते, म्हणून गोंधळ होतो. चहाच्या आधी की चहाच्या नंतर, या एका तपशिलाने तो सुटतो. खात्री करायची असेल तर प्लग काढून पाहावा: ठिणगी पडते आहे आणि प्लग कोरडा आहे, म्हणजे पेट्रोल पोचत नाही, ठिणगीच नाही, तर इग्निशनकडे वळावे.

डॉक्टरांच्या गाडीत शेवटी पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर घेतली, पंप आणि ब्लॉक यांच्यामधला उष्णता अडवणारा जाड ठोकळा पूर्वी कोणीतरी काढून साधे पॅकिंग लावले होते, तिथे पुन्हा योग्य जाडीचा ठोकळा बसवला, आणि त्यानंतर ती तक्रार राहिली नाही. यात श्रेय कोणाचे, असे विचारले तर मी निःसंकोचपणे त्या आजींचे नाव पुढे करीन. त्यांनी आयुष्यात कधी पाना हातात धरलेला नव्हता, पण त्यांनी जे पाहिले ते क्रमाने लक्षात ठेवले होते.

असाच एक तपशील टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाच्या, आवाजाचा आहे. फिटर काकांचे एक आवडते वाक्य आहे: “वाजणारे टॅपेट परवडले, गप्प बसलेले नाही.” नवख्या मालकाला टिकटिक नको असते आणि तो टॅपेट घट्ट करून घेतो. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडी जागा उरली नाही, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. तो आपल्या सीटला टेकला तरच त्याची उष्णता हेडमध्ये उतरते, अधांतरी राहिला की तो जळतो. या जुन्या नियमाला फेब्रुवारी २००० नंतर एक नवा अर्थ आला आहे. तेव्हापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये एक पातळ संरक्षक थर धरत असे. ते गेल्यावर जुन्या हेडमधल्या मऊ सीट हळूहळू झिजून व्हॉल्व्ह आत जाऊ लागतात आणि टॅपेटची जागा आपोआप कमी होत जाते. म्हणजे कोणी कौतुकाने म्हणाले की “आमच्या गाडीचा आवाज आताशा फार गोड झालाय, पूर्वी किती वाजायची,” तर ऐकणाऱ्याने फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, काढावे. एकदा झिज सुरू झाली की हेड उतरवून कठीण धातूच्या सीट बसवून घेणे हाच खरा उपाय आहे, आणि पुण्यात हे काम उत्तम करणारी मशीन शॉप आजही आहेत.

इथेनॉलचा प्रश्न अधिक ताजा आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व डायाफ्राम फुगवते किंवा मऊ करते, हवेतले पाणी ओढून घेते, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गंज व गाळ सोडवून जेटपर्यंत, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रापर्यंत, आणते. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याच जेटमधून जाणारे मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ पडते. या बाबतीत मी कोणालाही भिडेखातर गप्प बसू देत नाही, कारण फुगलेल्या नळीतून गरम एक्झॉस्टवर ठिबकणारे पेट्रोल ही आगीला दिलेली संधी आहे. सगळ्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या फ्लुओरोकार्बन रबराच्या घ्याव्यात, टाकीनंतर फिल्टर लावावा, गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा. जेट मोठा करायचा की नाही हे प्लगचा रंग पाहून ठरवावे: बिस्किटाच्या रंगाचा प्लग समाधानकारक, पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ, काजळी धरली असेल तर जाड. सलग काही अंतर चालवून, गाडी आयडलिंगवर न ठेवता थेट बंद करून मगच प्लग काढावा, नाहीतर रंग फसवतो.

इथे आठवणींची वेगळी मदत होते. सत्तरच्या दशकात कोणी कुठल्या आकाराचा जेट वापरत होता, मुंबईहून पुण्याला येताना बोरघाटात गाडी किती तापायची, हे ज्यांना आठवते त्यांच्यामुळे मूळ स्थिती काय होती हे कळते. मूळ स्थिती ठाऊक नसेल, तर आज दिसणारी तक्रार नव्या पेट्रोलची आहे की जन्मापासूनची आहे, हे कसे ओळखणार?

स्टिअरिंगवरच्या गिअरविषयी प्रत्येक फियाटवाल्याकडे एक गोष्ट असते, आणि ती गोष्ट बहुतेक वेळा लक्ष्मी रोडवर किंवा अलका चौकात घडलेली असते. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना दांडा मध्येच अडकतो, ना पुढे ना मागे. मग वडील खाली उतरतात, बॉनेट उघडतात, हात आत घालून काहीतरी हलवतात, आणि मागचे हॉर्न वाजत असताना शांतपणे परत येऊन बसतात. ते काय हलवत असत, हे मुलांना ठाऊक नव्हते. स्टिअरिंगच्या नळीच्या बुडाशी गिअरच्या दांड्याला जोडलेल्या तरफा असतात, आणि त्यांच्या सांध्यातील बुश, म्हणजे आत बसवलेल्या छोट्या नळ्या, झिजले की त्या एका रेषेत येत नाहीत. हाताने त्यांना न्यूट्रलच्या जागी आणले की दांडा मोकळा होतो. तरुण मुलांपैकी एकाने हे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केले, तेव्हा आपले बाबा त्या वेळी काय करत होते हे आज कळले, असे तो म्हणाला.

हे बुश आता सहज मिळत नाहीत. नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांत क्वचित जुना माल निघतो, बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नशीब असेल तर आख्खे लिंकेज मिळते, पण तेही बहुधा झिजलेलेच असते. आम्ही भोसरीच्या एका टर्नरकडून ते लेथवर काढून घेतो. पितळेचे करावेत की नायलॉनचे, यावर आमच्यात दोन तट आहेत. पितळ टिकते हे खरे, पण ते सोबतच्या दांड्यालाही झिजवते. नायलॉन स्वतः झिजते आणि दांडा वाचवते. दांडा दुर्मीळ आणि बुश स्वस्त असेल, तर झिज बुशाच्या वाट्याला जावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बुशाची मापे मात्र नव्या दांड्यावरून घ्यावीत किंवा दांड्याच्या न झिजलेल्या भागावरून घ्यावीत, एवढे टर्नरला आवर्जून सांगावे लागते.

काही जुन्या युक्त्या मापाच्या कसोटीवर तपासून घ्याव्या लागतात. मेस्त्रींचे गुरू प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधील अंतर लग्नपत्रिकेच्या जाड कागदाने लावत. ही गोष्ट ऐकायला रम्य आहे, आणि रस्त्यात अडकल्यावर उपयोगाचीही आहे. आम्ही घरात सापडलेल्या निरनिराळ्या पत्रिका फिलर गेजशी ताडून पाहिल्या. काही जवळपास योग्य जाडीच्या निघाल्या, काही साफ चुकीच्या. पॉइंटला हवे असते साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. तेव्हा पत्रिका आपत्काली वापरावी, घरी पोचल्यावर गेज लावावे, आणि कागदाचे तंतू पॉइंटच्या तोंडावर राहिले तर ठिणगी कमजोर होते म्हणून ते पेट्रोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसून घ्यावेत. गुरूंचा मान राखूनही त्यांची युक्ती मोजता येते, आणि मोजल्यावर ती पुढच्या माणसाच्या हाती सुरक्षितपणे देता येते.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मला कोणतीही रम्यता चालत नाही. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, त्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलावे. कमी पडले म्हणून त्यात इंजिन ऑइलचा थेंबही घालू नये, कारण खनिज तेलाने व्हील सिलिंडरची रबरे फुगतात. ‘पूर्वी असेच चालायचे’ हे वाक्य या एका विषयात आम्ही ऐकून घेत नाही. पूर्वीच्या कात्रज घाटात आजच्याएवढी गर्दी नव्हती आणि समोरची गाडी आजच्यासारखी जागच्या जागी थांबत नव्हती.

कागदपत्रांचा विषय रविवारी निघाला की फार वेळ खातो, म्हणून इथे थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक घेता येतो. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. गाडी चालती ठेवायची की जपून ठेवायची, याचा निर्णय झाल्याखेरीज हा अर्ज करू नये.

आता आम्ही हकिकती लिहून घेऊ लागलो आहोत. सांगणाऱ्याला मध्ये थांबवून ‘मुद्द्याचे बोला’ असे कोणी म्हणायचे नाही, हे ठरले आहे, कारण मुद्दा कोणत्या वाक्यात दडला आहे हे त्या वेळी कळत नाही. गाडीचे वर्ष, ऋतू, रस्ता, आवाज, वास, काय करून पाहिले आणि काय केल्याने काहीच झाले नाही, हे सर्व उतरवतो. न लागू पडलेला उपाय माणसे सहसा सांगत नाहीत. तो मुद्दाम विचारावा लागतो, कारण पुढच्याचा आठवडा त्यानेच वाचतो.

वाचकांकडे एक मागणे आहे. पुण्यातल्या जुन्या घरांत, विशेषतः पेठांतल्या वाड्यांत आणि डेक्कन-प्रभात रोडच्या बंगल्यांत, गाडी विकून टाकल्यावरही तिच्या पेट्रोलच्या हिशेबाची वही, गॅरेजची बिले, कंपनीचे मालकाला दिलेले माहितीपुस्तक, असे काही ना काही माळ्यावर पडलेले असते. ते रद्दीत देण्याआधी एकदा चाळावे. बिलाच्या मागे मेस्त्रीने पेन्सिलीने लिहिलेला जेटचा आकडा, वहीच्या समासात ‘माथ्यावर पुन्हा तेच’ अशी नोंद, असे काही दिसले तर त्या पानांचे फोटो काढून माझ्याकडे पाठवावेत. डुक्कर फियाटच्या उलट्या उघडणाऱ्या दारांचे कुलूप आतून कसे जुळवत असत, हे सांगणारे कोणी घरात असेल, तर त्यांना रविवारी घेऊनच या. आमच्याकडे सध्या एका गाडीचे डावे दार नीट लागत नाही.